संगणकाचा पडदा आणि डोळ्यांची निगा

कोकणातील सातबारा उतारा वाचणे हे नवख्याचे काम नव्हे. मालवण तालुक्यात एखाद्या जमिनीचे क्षेत्र अवघे काही आर असते, आणि सामाईक खातेदारांची नावे मात्र एकाखाली एक लांबच लांब चाललेली असतात. हे अभिलेख आता संगणकावर आले आहेत. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागल्याने मुंबईतील चाकरमान्याची गावची एक खेप वाचली. परंतु ही नावे आणि आकडे जो कर्मचारी दिवसभर पडद्यावर न्याहाळतो, त्याचे डोळे दुपारी चारच्या सुमारास चुरचुरू लागतात, अक्षरे पुसट होतात, कपाळ ठणकते. अशा वेळी १ च्या जागी ९ वाचला गेला तर? लेखनप्रमादाची दुरुस्ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ अन्वये होऊ शकते; पण तोवर खातेदारास अर्ज आणि तहसील कचेरीच्या खेपा चुकत नाहीत. तेव्हा डोळ्यांची निगा हा त्या कर्मचाऱ्याचा केवळ खाजगी प्रश्न राहत नाही.

हे दुखणे संगणकाबरोबर जन्मास आलेले नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात बैठे काम करणारे आणि बारीक काम करणारे कारागीर यांचा स्वतंत्र विचार केलेला आहे.

पडद्यातून निघणारे किरण डोळे खराब करतात, असा समज सर्वत्र आढळतो. त्यापोटी निळा प्रकाश अडविणारे महागडे चष्मे खपतात. कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली १७ चाचण्यांचा आढावा घेतला असता, अशा काचांमुळे डोळ्यांचा ताण कमी होतो असे दिसून आले नाही. खरे कारण अगदी साधे आहे. एरवी आपण मिनिटास साधारण १५ ते २० वेळा पापणी लववितो. पडद्याकडे एकटक पाहताना हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते, आणि पुष्कळदा पापणी पुरती मिटतही नाही. पापणीच्या कडेला असलेल्या ग्रंथींतून तेलकट द्रव पाझरतो व तो अश्रूंचा पातळ थर सुकू देत नाही. पापणीच मिटली नाही तर हा थर जागोजागी तुटतो. मालवणच्या दमट हवेत डोळे कोरडे कसे पडतील, अशी शंका येईल. परंतु पंख्याचा झोत थेट तोंडावर असेल, तर बाहेरच्या दमट हवेचा उपयोग होत नाही. डोळ्यांतून पाणी वाहणे हेही कित्येकदा कोरडेपणाचेच लक्षण असते. पंख्याची दिशा बदलावी आणि अधूनमधून जाणीवपूर्वक पापणी पूर्ण मिटावी; यास खर्च काहीच नाही.

दुसरे कारण जवळच्या नजरेचे. जवळचे पाहताना डोळ्यातील एक लहानसा स्नायू आखडून राहतो. त्यास विसावा मिळावा म्हणून दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडील वस्तूकडे २० सेकंद पाहावे, असे सांगितले जाते. यातील विसाच्या आकड्यास फार महत्त्व देण्याचे कारण नाही. नजर लांब गेली म्हणजे झाले. मालवणच्या किनाऱ्यालगत बसणाऱ्यास सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट आहे, ओरोसला बसणाऱ्यास समोरची झाडी आहे.

चाळिशी उलटलेल्यांची अडचण निराळीच असते, आणि तिकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. वाचनाचा चष्मा सुमारे सव्वा फुटावरील कागदासाठी दिलेला असतो. पडदा मात्र हातभर, म्हणजे दोन फुटांच्या आसपास असतो. मग माणूस पुढे वाकतो, किंवा दुहेरी काचेच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर करतो, व संध्याकाळी मान धरल्याची तक्रार करतो. यावर उपाय असा की, आपल्या नेहमीच्या जागी बसून डोळ्यापासून पडद्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि तपासणीच्या वेळी ते सांगावे. त्या अंतराचा चष्मा वेगळा करून मिळतो.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. खिडकी पाठीशी नसावी व समोरही नसावी, बाजूस असावी. आपल्या किनारपट्टीवर पश्चिमेच्या खिडकीतून येणारे तिसऱ्या प्रहरचे ऊन पडद्यावर विशेष चमकते. पावसाळ्यात दिवे जाऊन इन्व्हर्टरवर काम चालते तेव्हा खोली अंधारते, पण पडदा तसाच लख्ख राहतो. त्याचा उजेड लगेच कमी करावा. काना, मात्रा, रफार, अनुस्वार असलेली आपली लिपी बारीक आकारात वाचणे कष्टाचे असते. कंट्रोलची कळ दाबून अधिक चिन्ह दाबले की बहुतेक ठिकाणी अक्षर मोठे होते. पुष्कळ जण ते करण्यास का संकोचतात, हे कळत नाही.

डोळ्यांत मध किंवा गुलाबपाणी घालू नये. दुकानातून परस्पर आणलेल्या थेंबांत स्टिरॉइड असल्यास आणि ते दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू व मोतीबिंदूचा धोका असतो. डोळा लाल होऊन दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली किंवा एका डोळ्याची नजर एकाएकी मंदावली, तर तो पडद्याचा शीण समजून थांबू नये. त्याच दिवशी ओरोसचे जिल्हा रुग्णालय अथवा जवळचा नेत्रतज्ज्ञ गाठावा.