बासरीचा स्वर कसा घडतो?

छत्तीसगडातील दुर्ग-भिलाईच्या परिसरात राऊत समाजाची ‘बांसगीते’ परिचित आहेत. गायकाच्या कथनाला ‘बांस’ नावाच्या लांब वेळूच्या वाद्याची साथ असते. बांस, बासरी इत्यादी फुंकून वाजविण्याच्या वाद्यांना सुषिर वाद्ये म्हणतात. यांपैकी बासरी एकाच्या हाती गोड बोलते, तर दुसऱ्याच्या हाती नुसती फुसफुसते. असे का व्हावे?

नादाची उत्पत्ती

ओठांतून निघालेला हवेचा पातळ झोत मुखरंध्राच्या पलीकडील कडेवर आदळतो. तो आळीपाळीने नळीच्या आत व बाहेर वळू लागतो आणि नळीतील वायुस्तंभ कंप पावतो. वायुस्तंभ जितका लांब, तितका स्वर खालचा. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लांब बासरी मैफलीत आणली, तिच्या गंभीर स्वराचे रहस्य हेच. मूलस्वरासोबत अनेक उपस्वरही उमटतात. त्यांच्या कमीअधिक प्रमाणावर नादाची जाति अवलंबून असते.

जोर नव्हे, नेम

स्वर उमटत नाही असे दिसताच नवशिका अधिक जोराने फुंकतो. त्यामुळे झोताचा वेग वाढून स्वर एकदम वरच्या सप्तकात उडी घेतो, किंवा झोत कडेला चुकून हवा वाया जाते. खरा उपाय ओठांमधील फट लहान ठेवून झोत नेमका कडेवर सोडणे हा होय.

अभ्यासक्रम

१. आरशासमोर बसावे. गाल फुगवू नयेत. फट मुखरंध्राच्या मध्यासमोर आहे की नाही, हे पाहावे.

२. प्रथम सर्व रंध्रे उघडी ठेवून स्वर काढावा. मग वरून एकेक रंध्र बोटाच्या पेराने झाकीत खाली यावे. स्वर फाटल्यास बोटाखालून हवा निसटत नाही ना, हे आधी तपासावे.

३. तंबोऱ्याच्या साथीने एकच खालचा स्वर दीर्घकाळ धरावा. तो हळूहळू मोठा व पुन्हा लहान करावा. फुंक मंदावताच स्वर उतरू लागतो. तो ओठांनी सावरणे हीच खरी परीक्षा.

उष्णतेचा परिणाम

भिलाईत उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. हवेतील ध्वनीचा वेग १५ अंशांस सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर ४० अंशांस सुमारे ३५५ मीटर असतो. नळीतील हवा इतकी तापली, तर स्वर जवळजवळ पाऊण अर्धस्वराने चढेल. श्वासाच्या उबेमुळे प्रत्यक्षातील फरक याहून कमी असतो. तरीही पेटीशी सूर जुळेनासा होतो, कारण पेटीच्या धातूच्या पट्ट्यांवर उष्णतेचा परिणाम फारच थोडा होतो. म्हणून आधी काही वेळ वाजवून बासरी उबदार करावी आणि मगच सूर मिळवावा. स्वर चढाच राहिल्यास बासरी किंचित आत वळवावी. ओठाने मुखरंध्र थोडे अधिक झाकले जाऊन स्वर उतरतो.

बोटांची चपळाई पुढे सरावाने येते. परंतु बिघडलेली फुंक ती झाकू शकत नाही. म्हणून आरंभीचे धडे दीर्घ स्वरांचेच असावेत.