टेबल आपल्या मापाचं

मी घरून भाषांतराचं आणि मुद्रितशोधनाचं काम करते. ओळखीतल्या कुणी घरून काम सुरू केलं की फोन येतो: लॅपटॉपचा स्टँड कुठला घेऊ, मॉनिटर केवढा घेऊ? त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. क्रम मात्र मुद्दाम ठेवला आहे. आधी आपलं शरीर, मग आपलं काम आणि त्यानंतर वस्तू. दुकानात हा क्रम नेमका उलटा होतो.

१. स्टँड एकटा घेऊ नका

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या ग्रिड कंपास या संगणकाची रचना बिल मॉग्रिज यांनी केली होती. स्क्रीन बिजागरीवर फिरून कीबोर्डवर मिटते, ही घडण त्यात होती आणि आजचे लॅपटॉपही तसेच मिटतात. ने-आण करायला ती उत्तम आहे, पण त्या बिजागरीने स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना बांधून ठेवले. हात सैल राहावेत म्हणून कीबोर्ड खाली ठेवला तर मान वाकते, आणि मान सरळ राहावी म्हणून स्क्रीन वर घेतली तर खांदे चढतात. म्हणून स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि माउस ही एकच खरेदी समजा. उंच स्टँडवर ठेवलेल्या लॅपटॉपच्याच कीबोर्डवर दिवसभर टाइप केलं तर मानेचं दुखणं मनगटांत आणि खांद्यांत उतरतं.

स्टँडबद्दल आणखी दोनच गोष्टी. तो डुगडुगता कामा नये, आणि लॅपटॉपच्या बुडाशी असलेल्या हवेच्या जाळ्या त्याने झाकू नयेत. एप्रिल-मेच्या उकाड्यात हा दुसरा मुद्दा पंख्याच्या आवाजावरून लगेच कळतो.

२. माप पायांपासून घ्या

बाजारातली बहुतेक टेबलं साधारण ७५ सेंटीमीटर उंच असतात. माझ्यासारख्या पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या बाईला ती उंच पडतात. खुर्ची वर घ्यावी तर हात बरोबर बसतात, पण पाय अधांतरी राहतात, खुर्चीची कड मांडीखाली रुतते आणि तासाभरात पायांना मुंग्या येतात. मी टेबलाचे पाय कापून घ्यायला निघाले होते. आमचे सुतारमिस्त्री म्हणाले, “ताई, टेबल कापलं तर साहेबांचे गुडघे अडकतील. त्यापेक्षा तुमच्या पायाखालची जमीन वर आणू.” उरलेल्या १९ मिलिमीटर प्लायचा, पाय ठेवायला उतरता पाट त्यांनी बनवून दिला. माझ्या टेबलाशी जे काही आहे त्यातली सगळ्यात उपयोगाची वस्तू तीच.

पाय टेकले की कोपर बघायचे. हात सहज लोंबू देऊन कोपरात काटकोन केला की बोटं जिथे येतात, ती कीबोर्डची उंची. त्यानंतर स्क्रीन: तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि अंतर हातभर. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर स्क्रीन आणखी खाली घ्या. जवळचं दिसायची काच चष्म्याच्या खालच्या भागात असते, त्यामुळे उंच स्क्रीन वाचताना हनुवटी वर करावी लागते आणि मान पुन्हा आखडते. चाळिशी लागलेल्या कितीतरी जणांची मान ‘आदर्श’ उंचीवरच्या मॉनिटरने दुखते, ती यामुळेच.

३. मॉनिटर घेण्याआधी त्यावर मराठी वाचून बघा

दुकानात मॉनिटरवर धबधबे आणि पोपट दाखवतात. आपल्याला वाचायची असतात अक्षरं. पुण्यातली तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पेन ड्राइव्हवर आपल्या कामाची एक पीडीएफ घेऊन जा आणि नेहमीच्या आकारात उघडायला सांगा. ‘सर्वात’ आणि ‘सर्वांत’ शेजारी शेजारी लिहून बघा. रफार आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या डोक्यावर आले की स्वस्त स्क्रीनवर त्यांचा एक ठिपका होतो, आणि मुद्रितशोधकाला त्या ठिपक्याशीच काम असतं. रोमन अक्षरांना जेवढे ठिपके पुरतात तेवढे देवनागरीला पुरत नाहीत. वर वेलांट्या, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं, आणि हे सगळं एका ओळीच्या उंचीत मावायचं असतं.

इंच मोठे म्हणजे अक्षर चांगलं, असं नसतं. १९२० बाय १०८० ठिपके २४ इंचांत असले तर दर इंचाला सुमारे ९२ ठिपके पडतात. तेच २७ इंचांत ताणले की ८२ वर येतात. वाचनाचं काम करणाऱ्याने २७ इंची फुल एचडी मॉनिटर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे. २७ इंच हवाच असेल तर २५६० बाय १४४० पासून सुरुवात करा, तिथे सुमारे १०९ ठिपके मिळतात. फोर-के असेल तर १६३, आणि अक्षरं दीडपट मोठी करून ठेवली की छापील पानासारखी दिसतात. पैसे कुठे घालावेत असं कुणी विचारलं तर मी इथे सांगते.

४. पानांचं काम असेल तर मॉनिटर उभा करा

२४ इंची मॉनिटर उभा फिरवला की त्यावर ए-फोरचं अख्खं पान खऱ्या आकारात मावतं, वर टिपा घ्यायलाही जागा उरते. हस्तलिखितं, करारपत्रं, पुस्तकाची पानं तपासणाऱ्यांना यातला आराम सांगून कळणार नाही. मात्र पॅनेल आयपीएस हवं. टीएन पॅनेल उभं केलं की डाव्या आणि उजव्या डोळ्याला पानाचा रंग वेगळा दिसतो आणि थोड्याच वेळात डोकं जड होतं. विंडोजवर अक्षरांच्या कडा रंगीत दिसायला लागल्या तर क्लिअरटाइपची जुळणी पुन्हा करा. ती आडव्या स्क्रीनसाठी केलेली असते.

मॉनिटर आर्म लावायचा असेल तर मॉनिटरच्या पाठीला व्हेसाची चार भोकं आहेत का ते आधी बघा. बहुधा ती १०० मिलिमीटरच्या चौकोनात असतात. आर्मचा शिकंजा काचेच्या टेबलावर कधीच लावू नका. पार्टिकल बोर्ड असेल तर वरून-खालून लोखंडी पट्टी द्या, नाहीतर भुसा निघतो.

मूळ कागदावरून काम करताना तो टेबलावर आडवा ठेवला की मान सतत खाली-वर होते. त्यासाठी मी आजीचा पोथी वाचायचा घडीचा लाकडी स्टँड वापरते. कीबोर्ड आणि मॉनिटर यांच्या मधोमध तो बसतो, जाड पुस्तकही उघडं राहतं.

५. कीबोर्ड लहान घ्या, माउस जवळ येईल

उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीमुळे माउस चार बोटं लांब जातो आणि दिवसभर खांदा बाहेर ताणलेला राहतो. हिशेबाचं काम नसेल तर ती पट्टी नसलेला कीबोर्ड घ्या. मराठीसाठी मी इनस्क्रिप्ट वापरते. मधल्या ओळीत डाव्या हाताखाली मात्रा, वेलांटी, उकार आणि पायमोड येतात, उजव्या हाताखाली प, र, क, त, च. क आणि ख एकाच कळीवर असतात, शिफ्ट दाबली की ख. शिकेपर्यंत कळांवर देवनागरी स्टिकर लावा. कळा खोलगट आणि स्पष्ट दबणाऱ्या असाव्यात, पण रात्री घरातले झोपल्यावर काम करणाऱ्यांनी टकटक वाजणाऱ्या निळ्या स्विचच्या वाटेला जाऊ नये.

६. भोक सारखं म्हणून काम सारखं नसतं

यूएसबी-सीच्या प्रत्येक पोर्टमधून चित्र जात नाही. काही पोर्ट नुसते चार्जिंगचे किंवा फायलींचे असतात. लॅपटॉपचं माहितीपत्रक बघूनच डॉक घ्या. एम-वन आणि साध्या एम-टू चिपच्या मॅकबुकवर थेट एकच बाहेरचा मॉनिटर चालतो. फोर-के मॉनिटरवर माउसचा बाण फरफटत चालला तर केबल किंवा डॉकचं एचडीएमआय जुनं आहे का ते तपासा, १.४ आवृत्तीत फोर-केला सेकंदाला ३० चित्रंच मिळतात.

७. वीज गेल्यावर काय काय बंद पडतं ते आधीच बघा

लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण मॉनिटर आणि राउटर जातात. या दोघांसाठी छोटा यूपीएस घ्या. ६०० व्हीएचा साधा यूपीएसही हातातलं काम पुरं करायला पुरतो. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग भिंतीतून काढा, स्पाइक गार्डच्या भरवशावर राहू नका. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला मनगट टेकल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील तर चार्जर बहुतेक दोन पिनांचा असतो, किंवा तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगची तारच जोडलेली नसते. जुन्या इमारतींत हे नेहमी सापडतं. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

८. उजेड बाजूने

खिडकी समोर नको, पाठीमागेही नको. स्क्रीनशेजारी कोरा कागद धरा आणि दोन्ही सारखेच पांढरे दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी-जास्त करा. रात्री पुन्हा करा.

९. सजावट शेवटी, आणि हाताच्या अंतराने

रोज लागणारी वस्तू हात न ताणता मिळावी, बाकीची टेबलाबाहेर जावी. शब्दकोश लॅपटॉपखाली घालू नका. स्टँड आला की तो मोकळा होतो. माझ्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उजव्या हाताला उघडा असतो, कारण तो दर तासाला लागतो. कुंडी आणि फोटो मॉनिटरच्या मागे न ठेवता खिडकीच्या बाजूला ठेवा, म्हणजे डोळ्यांना लांब बघायचं निमित्त मिळतं. दर २० मिनिटांनी २० सेकंद, साधारण २० फुटांवर. पाण्याची बाटली झाकणाची हवी आणि तिची जागा टेबलावर नको, शेजारच्या स्टुलावर, कीबोर्डच्या पातळीखाली.