शेंगदाण्याचा माल आणि न दिसणारे विष

दाणा स्वच्छ दिसतो, हाताला कोरडा लागतो, वजनात भरतो. तरीही परदेशात गेलेला माल नापसंत होऊन परत येऊ शकतो. असे का होते, हे दाणाबाजारातील व्यापारी बंधूंनी समजून घेणे फायद्याचे आहे.

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. शोध घेता दोष ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत सापडला. ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीचे ते विष. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. त्याने यकृताचा कर्करोग होतो. १९७४ साली राजस्थान व गुजरातेत बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही. जनावराने दूषित पेंड खाल्ली तर त्याचा अंश दुधात उतरतो.

मग ओळखायचे कसे? येथे रोगप्रतिकारशास्त्र कामी येते. परका पदार्थ शरीरात शिरला की त्याला नेमके धरणारे प्रतिद्रव्य रक्तात तयार होते. अफ्लाटॉक्सिनचा कण फार लहान, म्हणून तो प्रथिनाला जोडून सशाला टोचतात व प्रतिद्रव्य मिळवतात. ते प्लॅस्टिकच्या छोट्या वाट्यांत चिकटवतात. त्यात दाण्यांचा अर्क आणि विकर जोडलेले अफ्लाटॉक्सिन एकत्र घालतात. जागा मोजक्या, दावेदार दोन! मालात विष जास्त असेल तर तेच जागा अडवते. वाट्या धुऊन रंगद्रव्य घातले की रंग फिका येतो. विष नसेल तर रंग गडद. ही एलायझा पद्धत १९७१ साली स्वीडन व हॉलंडमध्ये निघाली. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने तिची स्वस्त तपासणी तयार केली. दुधातील प्रतिजैविकांचे अंश आणि जनावरांतील ब्रुसेलोसिसही याच तत्त्वावर तपासतात.

युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्यात किलोला एकूण ४ मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विष सर्व दाण्यांत सारखे नसते. पोत्यातले मोजके दाणेच खराब असतात. थानाचे एक टोक पाहून गाठीचा सौदा करणारा फसतो, तसेच येथे. अनेक पोत्यांतून नमुना काढावा, एकत्र दळावा, मगच तपासावा.

शेंगा ८ टक्के आर्द्रतेपर्यंत वाळवाव्यात, फुटक्या व सुरकुतलेल्या निवडून काढाव्यात, पोती जमिनीला टेकवू नयेत. परत आलेला माल स्वस्तात गावच्या बाजारात किंवा गोठ्यात खपवणे हा मात्र व्यापार नव्हे. तो तोटा आपण सोसावा. गिऱ्हाइकाच्या लेकराच्या ताटात वाढू नये.