आधी मत, मग उत्तर : गणिताच्या तासाला यंत्रांची मदत

गणित म्हटले की कलाशाखेतील बहुतेक मित्रमैत्रिणींना शाळेतला फळा, खडूची धूळ आणि पोटात उठणारा गोळा एवढेच आठवते. वास्तविक आपल्या जिल्ह्याचे गणिताशी नाते जुने आहे. दापोली तालुक्यातील मुर्डी येथे १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला ‘सीनिअर रँग्लर’ झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांची गणिताची आवडही सर्वश्रुत आहे. तरीसुद्धा आमचा तास सुरू झाला की वर्गात जी शांतता पसरते, ती एकाग्रतेची असतेच असे नाही. या शांततेचा मी बरीच वर्षे चुकीचा अर्थ लावत होतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रथम वर्षाचा शेवटचा तास संपला. मुले पांगली, पण एक विद्यार्थिनी दाराशी घुटमळत राहिली.

“सर, रागावणार नसाल तर सांगते. दिवाळीनंतरचं मला काहीच कळलेलं नाही.”

“अगं, मग तेव्हाच का नाही विचारलंस?”

“तुम्ही रोज विचारायचात, ‘कळलं ना?’ सगळे ‘हो’ म्हणायचे. मग मी एकटीच ‘नाही’ कशी म्हणू?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढच्या वर्षी तिने गणित सोडले. मी मात्र त्या दिवसापासून ‘कळलं ना?’ हा प्रश्न विचारणे सोडले आणि त्याच्या जागी काय विचारावे, याचा शोध घेऊ लागलो.

साहजिकच पहिली धाव यंत्रांकडे घेतली. अध्यापनात यंत्रे आणण्याचा प्रयत्न आपल्या देशात नवा नाही. विद्यापीठ अनुदान मंडळाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम सुरू केला होता. पुढे आय.आय.टी.सारख्या संस्थांतील प्राध्यापकांची व्याख्याने इंटरनेटवर विनामूल्य मिळू लागली. या सर्व गोष्टींचा उपयोग मोठाच आहे. परंतु पडद्यावरच्या प्राध्यापकाला समोरचा विद्यार्थी दिसत नाही. तो बोलत राहतो आणि आपण पाहत राहतो.

मीही तेच केले. प्रोजेक्टर लावला, सिद्धता सुबक अक्षरात पडद्यावर आणल्या. आठवड्याभरात लक्षात आले, की वर्ग पूर्वीपेक्षाही गप्प झाला आहे! कारण साधे होते. खडूने लिहिताना माझा हात आणि मुलांचा हात साधारण एकाच गतीने चालत. एखादी पायरी लिहिता लिहिता मी अडखळलो, तर विचार करायला त्यांनाही उसंत मिळे. पडद्यावर अख्खी सिद्धता एका क्षणात अवतरते. मुले मोबाईलने तिचा फोटो काढीत आणि वही मिटून बसत. यंत्र उत्तर दाखवीत होते, पण मुलांना काही विचारीत नव्हते.

याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक एरिक माझुर यांच्या पद्धतीविषयी वाचनात आले. १९९१ पासून त्यांनी व्याख्यानाची रीतच बदलली. थोडे शिकवायचे, मग एक प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने आपले उत्तर स्वतंत्रपणे नोंदवायचे, नंतर शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचे. अमेरिकेतीलच कॉर्नेल विद्यापीठाच्या गणित विभागाने कलनशास्त्रासाठी याच धर्तीचे प्रश्न तयार केले. उत्तर नोंदवायला तिकडे हातात मावणारी छोटी यंत्रे वापरीत. आपल्याकडे ते काम मोबाईल करू शकतो. मुलांनी मोबाईलवर पर्याय निवडायचा, आणि कोणत्या पर्यायाला किती मते पडली याचे चित्र पडद्यावर उमटते. कोणाचे मत कोणते, हे मात्र वर्गाला कळत नाही.

मी विचारलेला एक प्रश्न येथे देतो. वाचकांनीही पुढे वाचण्यापूर्वी मनाशी उत्तर ठरवावे, ही विनंती.

समजा, एस.टी.ची एक गाडी शनिवारी सकाळी ६ वाजता रत्नागिरीहून निघाली आणि आंबा घाटाने १० वाजता कोल्हापूरला पोहोचली. रविवारी तीच गाडी सकाळी ६ वाजता कोल्हापूरहून निघाली आणि त्याच रस्त्याने १० वाजता रत्नागिरीला आली. वाटेत ती कोठेही थांबली असेल, कधी धावली असेल, कधी रखडली असेल. तर या रस्त्यावर असे एखादे ठिकाण नक्की असेल का, की जेथे ही गाडी दोन्ही दिवशी घड्याळातल्या अगदी एकाच वेळेला होती? पर्याय तीन : नक्की असेल, नक्की नसेल, गाडीच्या वेगावर अवलंबून आहे.

पहिल्या फेरीत बहुतेक मते तिसऱ्या पर्यायाला पडली. बरोबर काय, हे मी सांगितले नाही. “शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवा,” एवढेच म्हणालो. आणि काय सांगू! ज्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी, तेथे मासळीबाजार भरला. कोणी घाटातल्या चहाचा हिशेब मांडू लागला, कोणी पंक्चर काढू लागला. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, शनिवारची गाडी आणि रविवारची गाडी एकाच दिवशी सोडल्या तर? वाटेत कुठे ना कुठे त्या एकमेकींना ओलांडणारच की!”

वर्ग क्षणभर स्तब्ध झाला. दुसऱ्या फेरीत जवळजवळ सर्वांनी पहिला पर्याय निवडला, आणि तोच बरोबर आहे.

मग मी जिओजेब्रा उघडले. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली ही गणिताची आज्ञावली तयार करण्यास सुरुवात केली. शिक्षणासाठी ती विनामूल्य मिळते. तिच्यात दोन्ही दिवसांचे आलेख काढले. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर रत्नागिरीपासूनचे अंतर. एक रेषा खालून वर जाणारी, दुसरी वरून खाली येणारी. मुलांनीच पुढे येऊन त्या रेषा हव्या तशा वाकविल्या, गाडी तासभर घाटात उभी केली. छेदनबिंदू इकडेतिकडे सरकला, पण नाहीसा काही झाला नाही. त्यानंतर मी फळ्याकडे वळलो आणि दोन अंतरांची वजाबाकी लिहिली. ती ६ वाजता ऋण असते, १० वाजता धन. आणि गाडी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उडी मारीत नाही. म्हणून मध्ये कधीतरी ती वजाबाकी शून्य झालीच पाहिजे. संतत फलनाचे हे प्रमेय प्राग येथील बोल्झानो यांनी १८१७ मध्ये काटेकोरपणे सिद्ध करण्याचा मार्ग दाखविला. एरवी ज्या प्रमेयाला मुले जांभया देत, त्याची सिद्धता त्या दिवशी त्यांनी मागून घेतली.

अडचणी आल्याच. सर्वांकडे मोबाईल नव्हते, म्हणून दोघांत एक अशी योजना केली. दोघांचे एकमत झाल्याशिवाय बोट टेकता येईना, त्यामुळे चर्चा आपोआप वाढली. जुलैतल्या एका धुवाँधार पावसात वीज गेली आणि मोबाईलची रेंजही गेली. तेव्हा घोटीव कागदाचे तीन रंगांचे तुकडे वाटले आणि डोळे मिटून छातीशी धरायला सांगितले. काम भागले. डोळे मिटायला सांगितले नसते, तर मात्र निम्मा वर्ग हुशार मुलांचा रंग बघून आपला रंग बदलता. मोबाईलचा खरा गुण मला तेव्हा उमगला. चुकण्यातली लाज तो झाकून ठेवतो. माझ्या त्या विद्यार्थिनीला नेमकी हीच सोय हवी होती.

सारा पाठ्यक्रम असा शिकविता येईल असे मी म्हणत नाही. एका तासात असे दोन प्रश्न झाले तरी पुष्कळ. वेळ जातो, आणि चांगला प्रश्न सुचायला कधी कधी रात्र खर्ची पडते. सिद्धता तर अखेर स्वतःच्या हाताने वहीतच लिहावी लागते. ते कष्ट कोणतेही यंत्र वाचवीत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या हातातल्या मोबाईलवर आज कोणत्याही उदाहरणाचे उत्तर क्षणात मिळते. ते पाहण्यापूर्वी स्वतःचे मत कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. ते चुकले तर बिघडत नाही. कोठे चुकले हे शोधताना जे हाती लागते, ते आयते उत्तर वाचून लागत नाही. आणि वर्गात कोणी ‘कळलं ना?’ असे विचारले व कळले नसेल, तर एकट्याने का होईना, ‘नाही’ म्हणा. तुमच्या मागे आणखी निम्मा वर्ग तेच म्हणायला थांबलेला असतो.