पुस्तकावरची सूट नेमकी कुणाच्या खिशातून जाते?



अवांतर वाचनाच्या यादीतलं एखादं पुस्तक घ्यायचं ठरलं की तुम्ही आधी काय करता? बहुतेक जण घरातल्या कुणाचा तरी मोबाइल घेतात आणि पुस्तकाचं नाव टाकतात. छापील किंमत 400 रुपये, तिच्यावर आडवी रेघ आणि शेजारी ठळक आकडा 280. पुस्तक परवा दारात. त्याऐवजी प्रभादेवीहून दादरला छबिलदासच्या गल्लीत जायचं, तर चालत अर्धा तास मोडतो. शिवाय तिथे एवढी सूट मिळेलच असं नाही.

मग दुकानात जायचंच कशाला? प्रश्न रास्त आहे. ज्या घरात महिन्याचा हिशोब वहीत मांडावा लागतो, त्या घरात 120 रुपये म्हणजे काही थोडेथोडके नव्हेत. म्हणून आजच्या पाठात आपल्याला कुणाला बोल लावायचा नाही. हे 120 रुपये कमी झाले ते कुणाच्या वाट्यातून, एवढंच शोधायचं आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘किंमत’ हा धडा तुम्ही शिकता, तोच इथे जरा वेगळ्या बाजूने पाहू.

आधी थोडं गणित

पुस्तकाची छापील किंमत दुकानदाराच्या गल्ल्यात जाते खरी, पण ती सगळी त्याची नसते. तिच्यात लेखकाचं मानधन असतं, कागद, छपाई, बांधणी आणि वाहतूक असते, प्रकाशकाचा खर्च असतो. विक्रेत्याला छापील किमतीतला काही भाग सुटतो, त्याला या धंद्यात कमिशन म्हणतात. समजा, 400 रुपयांच्या पुस्तकावर छोट्या दुकानदाराला 30 टक्के कमिशन मिळतं. म्हणजे पुस्तक त्याला 280 रुपयांना पडलं. उरलेल्या 120 रुपयांत जागेचं भाडं, वीजबिल, मदतनिसाचा पगार आणि कपाटात पिवळ्या पडणाऱ्या प्रतींचा तोटा, हे सगळं भागवायचं.

आता एक मोठा विक्रेता येतो आणि म्हणतो, मी एकदम पाच हजार प्रती उचलतो, मला 50 टक्के द्या. प्रकाशकालाही गोडाऊन रिकामं व्हायला हवंच असतं. मोठ्याला तेच पुस्तक 200 रुपयांना पडलं. ते त्याने 280 ला विकलं तरी प्रतीमागे 80 रुपये सुटतात. (हे आकडे समजण्यासाठी घेतलेत, व्यवहारात ते पुस्तकागणिक बदलतात.) जरा थांबून पाहा. मोठ्याची विक्रीची किंमत आणि छोट्याची खरेदीची किंमत एकच झाली. छोट्याने नफा शून्य केला तरच तो बरोबरी करू शकतो, आणि भाडं मात्र शून्य होत नाही.

यात आणखी एक मेख आहे. प्रकाशकाला दर वेळी 50 टक्के सोडावे लागले, तर पुढच्या आवृत्तीला तो काय करेल? 400 ची किंमत 450 किंवा 500 करेल. म्हणजे सूट आधी किमतीत मिळवायची आणि मग रेघ मारून वजा करायची. अशा वेळी सूट देणारे आपणच असतो. आणि ज्याला सूट मिळत नाही, उदाहरणार्थ गावातल्या एकुलत्या एका दुकानातून घेणारा वाचक, तो वाढलेली किंमत पूर्ण मोजतो.

स्वस्त साखरेची युक्ती

दिवाळीच्या आधी मोठ्या दुकानात साखर बाजारभावापेक्षा स्वस्त असते, हे तुम्ही पाहिलं असेल. साखरेवर दुकानाला फायदा नाही झाला तरी चालतं. कारण साखरेसाठी आत आलेला माणूस साबण, बिस्किटं, बादली असं बरंच काही घेऊन बाहेर पडतो. सुपरमार्केटने पुस्तक विकायला घेतलं की तेही असंच विकतं. पुस्तक म्हणजे त्याच्यासाठी साखर. मग तो कुठली पुस्तकं ठेवील? ज्यांचं नाव आधीच सगळ्यांच्या तोंडी आहे तीच. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ 1967 साली आली आणि अजून खपते आहे. असं चालतं पुस्तक तो ढिगाने मांडेल. नव्या कवीचा पहिला संग्रह तो कशाला ठेवील?

पुस्तकाच्या दुकानाचा संसार याच चालत्या पुस्तकांवर उभा असतो. दहा चालती पुस्तकं भाडं काढतात, म्हणून वर्षाला दोन प्रती जाणाऱ्या पुस्तकाला मांडणीत जागा मिळते. आपल्या गल्लीबोळातल्या दुकानांची गोष्ट तर आणखी साधी आहे. जूनमध्ये पाठ्यपुस्तकं, वह्या आणि गाइडं खपतात आणि त्यावर पुढचे महिने निघतात. वह्या मॉलमधून आणि गाइडं मोबाइलवरून येऊ लागली की अशा दुकानात आधी गोष्टीची पुस्तकं दिसेनाशी होतात. मग पेन आणि झेरॉक्स उरतात. पाटीवर ‘बुक डेपो’ मात्र तसंच राहतं.

इंग्लंडमध्ये हा खेळ सगळ्यांसमोर झाला. तिथे 1900 सालापासून प्रकाशक आणि विक्रेते यांच्यात एक करार होता : प्रकाशकाने ठरवलेल्या किमतीखाली पुस्तक विकायचं नाही. 1995 मध्ये तो मोडला आणि 1997 मध्ये न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. करार मोडल्यानंतर बारा वर्षांनी, 21 जुलै 2007 ला, हॅरी पॉटरचा सातवा आणि शेवटचा भाग आला. छापील किंमत 17.99 पौंड. आस्दा या सुपरमार्केटने तो 5 पौंडांना विकला! वितरकाकडून घेण्यापेक्षा सुपरमार्केटमधून विकत घेतलेला परवडतो, अशी वेळ छोट्या दुकानदारांवर आली. वरचं आपलं गणित आठवा. फक्त इथे मोठा विक्रेता छोट्याच्या खरेदीच्या किमतीच्याही खाली गेला होता. वर्षातलं सगळ्यात जास्त खपणारं पुस्तक, आणि पुस्तकाच्या दुकानांना त्यातून जवळजवळ काही मिळालं नाही. करार मोडला तेव्हा ब्रिटनमध्ये सुमारे 1,900 स्वतंत्र दुकानं होती, 2016 पर्यंत ती 900 च्या खाली आली. याला एकटं सुपरमार्केट कारण नव्हे. भाडी वाढली, इंटरनेट आलं. पुढे ती संख्या थोडी सावरलीही.

फ्रान्सने उलटा रस्ता धरला. तिथे फनाक नावाच्या मोठ्या दुकानांच्या साखळीने 1974 पासून पुस्तकांवर 20 टक्के सूट द्यायला सुरुवात केली होती. त्यावर 1981 च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला. संस्कृतिमंत्री जाक लांग यांच्या नावाने तो ओळखला जातो. किंमत प्रकाशकाने ठरवायची आणि कुणीही, कितीही मोठा असो, 5 टक्क्यांपेक्षा जास्त सूट द्यायची नाही. जर्मनीतही असा कायदा आहे. यात वाचकाला पुस्तक स्वस्त मिळत नाही, हे खरंच आहे. पण पॅरिसमधल्या भल्यामोठ्या दुकानात आणि खेड्यातल्या टपरीवजा दुकानात एकच भाव असतो.

आपल्याकडे असा कायदा नाही. पुस्तकावर छापलेली किंमत ही जास्तीत जास्त किंमत. तिच्यावर एक रुपयाही घेता येत नाही, खाली मात्र विक्रेता कितीही उतरू शकतो. ‘याखाली विकू नका’ असं बंधन प्रकाशकाने सगळ्या विक्रेत्यांवर घातलं, तर स्पर्धा कायदा 2002 आडवा येऊ शकतो. आणि सुपरमार्केटची जागा आपल्याकडे बऱ्याच अंशी मोबाइलने घेतली. फ्लिपकार्टने 2007 मध्ये सुरुवात केली ती पुस्तकं विकूनच. ॲमेझॉन 2013 मध्ये भारतात आली, तेव्हा तिच्याही पहिल्या मालात पुस्तकं होती.

मग सूट वाईट का?

मुंबईकराला असं म्हणता येणार नाही. कारण या शहरातलं एक फार लाडकं दुकान सुटीसाठीच प्रसिद्ध होतं. टी. एन. शानभाग यांनी 1948 मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात एक छोटा स्टॉल टाकला, तो ‘स्ट्रँड बुक स्टॉल’. पुढे तो फोर्टात गेला. तिथे 20 टक्के सूट नेहमीचीच, आणि चर्चगेटच्या सुंदराबाई हॉलमधल्या त्यांच्या प्रदर्शनाला माणसं पिशव्या घेऊन जायची. शानभागांना 2003 मध्ये पद्मश्री मिळाली.

पण स्ट्रँडची सूट आणि स्वस्त साखरेची सूट यात फरक आहे. शानभाग पुस्तकंच विकत होते, बादल्या नव्हे. त्यांची सूट चालत्या पाच-दहा पुस्तकांपुरती नव्हती, मांडणीवरच्या अनोळखी पुस्तकालाही ती होती. त्यामुळे माणूस एक घ्यायला जायचा आणि ज्याचं नावही ऐकलं नव्हतं असं दुसरं घेऊन यायचा. 2009 मध्ये शानभाग गेले आणि 2018 च्या फेब्रुवारीत दुकान बंद झालं. एक दुकान एकाच कारणाने बंद पडत नाही. तरी माझ्या मते, ज्याने सूट द्यायची सवय लावली, त्याच्यासमोर त्याहून मोठी सूट घेऊन कुणी उभं राहिलं की त्याच्याकडे दुसरं शस्त्र थोडंच उरतं.

मराठीत तर सवलतीला चळवळीचंही नाव आहे. सत्तरच्या दशकात दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी ‘ग्रंथाली’ सुरू केली. सभासद व्हा, वाचकच आधी पैसे देतील आणि पुस्तक त्यांना कमी किमतीत मिळेल, असा विचार. दया पवारांचं ‘बलुतं’ 1978 मध्ये ग्रंथालीनेच काढलं. इथे कमी किमतीमुळे नवं पुस्तक जन्माला आलं. आणि गिरगावातल्या ‘मॅजेस्टिक’च्या केशवराव कोठावळे यांनी 1964 मध्ये ‘ललित’ मासिक काढलं, ते पुस्तकांविषयीचं. कोणतं पुस्तक आलं, कसं आहे, हे वाचकाला सांगायचं काम एका पुस्तकविक्रेत्याने अंगावर घेतलं. मोबाइलवर ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ असं दिसतं, पण तेही बहुतेकदा चालतंच पुस्तक असतं.

आपल्या प्रभादेवीतच बघा ना. सयानी मार्गावर रवींद्र नाट्यमंदिराच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं कार्यालय आहे. मंडळ 1960 मध्ये स्थापन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले अध्यक्ष. मंडळाची जाडजूड पुस्तकं इतकी स्वस्त असतात की किंमत पाहून छपाईची चूक वाटावी. ही सूट सरकारच्या, म्हणजे शेवटी आपल्या करातून आलेली, आणि ती अशा पुस्तकांना मिळते जी बाजाराने छापलीच नसती. कोश, चरित्रं, संशोधन. पण ही पुस्तकं गल्लीतल्या दुकानात क्वचितच दिसतात. किंमतच इतकी कमी, की ती ठेवून दुकानदाराच्या हाती काय लागणार?

आता एक काम तुमच्याकडे. साने गुरुजी 11 जून 1950 ला गेले. आपल्या कायद्यात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं राहतो, म्हणून 1 जानेवारी 2011 पासून ‘श्यामची आई’ कुणालाही छापता येते. त्यानंतर तिच्या कितीतरी स्वस्त आवृत्त्या निघाल्या. वर्गात प्रत्येकाने आपल्या घरातली, शेजारची किंवा वाचनालयातली प्रत आणा. छापील किंमत, प्रत्यक्ष मोजलेले पैसे आणि ती कुठून घेतली, हे वहीत लिहा. मग एकच रात्र निवडा, म्हणजे एकच प्रकरण, आणि दोन-तीन प्रतींमध्ये ते शेजारी शेजारी ठेवून ओळीने ओळ ताडून पाहा. एखादा परिच्छेद गाळला आहे का, शुद्धलेखन कसं आहे, कागद पलीकडचं दाखवतो का, शिवण उघडते का. स्वस्त प्रतीत काही कमी नसेल तर तेही प्रामाणिकपणे लिहा. येताना जवळच्या पुस्तकाच्या दुकानात डोकावून विचारा, ‘श्यामची आई’ आहे का, आणि साने गुरुजींचं दुसरं एखादं आहे का. दुसऱ्याचं उत्तर काय मिळालं ते वहीत वेगळं नोंदवा, सोमवारी त्यावरच बोलू.