शंका-समाधान : शेक देणाऱ्या डॉक्टरांचं शिक्षण

या वेळची बहुतेक पत्रं वारंगा फाटा आणि आखाडा बाळापूर या पट्ट्यातून आली आहेत. फाट्यावरून एक रस्ता नांदेडला, दुसरा कळमनुरीमार्गे हिंगोलीला आणि तिसरा हदगाव-उमरखेडकडे जातो. त्यामुळे सकाळी एसटीने नांदेडला जाऊन शेक घ्यायचा आणि संध्याकाळी घरी परतायचं, हा क्रम इथल्या अनेक घरांनी पाहिलेला आहे. प्रश्न वेगवेगळे असले तरी सगळ्यांच्या मनात शंका एकच आहे : रेडिएशन देणारे डॉक्टर पदवीनंतर काही शिकतात का, आणि त्याचा रुग्णाला काय फायदा? पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्हा शिक्षकांना सारखी प्रशिक्षणं असतात. कॅन्सरच्या डॉक्टरांना एमडी झाल्यावर पुन्हा शिकावं लागतं का? की पदवी भिंतीवर लावली म्हणजे झालं? (माध्यमिक शिक्षक, वारंगा फाटा)

उत्तर : शिकावं लागतं, आणि तसा नियमही आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 सालच्या आचारसंहितेत प्रत्येक डॉक्टरने पाच वर्षांत किमान 30 तास निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यावं असं म्हटलं आहे. आम्ही त्याला सरळ सीएमई म्हणतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी 30 गुण जमा असावे लागतात. गल्लीतल्या दवाखान्याचे एमबीबीएस डॉक्टर असोत की मुंबईचे प्राध्यापक, नियम दोघांना सारखाच. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2023 च्या ऑगस्टमध्ये नवी नियमावली काढली होती, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली.

आता हिशेब करा. पाच वर्षांत 30 तास म्हणजे वर्षाला सहा तास, महिन्याला अर्धा तास. शिवाय हे गुण हजेरीचे असतात, परीक्षेचे नव्हेत. सभागृहात बसलेला डॉक्टर काय घेऊन बाहेर पडला, हे गुणांवरून कळत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : 30 हा नोंदणी टिकवण्याचा आकडा आहे, विषयात टिकून राहायला तो अजिबात पुरत नाही. एखाद्या परिषदेचं मोल ठरवायचं असेल तर एकच गोष्ट पाहावी. परतल्यावर सोमवारच्या ओपीडीत त्या डॉक्टरच्या कामात काही बदल झाला का?

प्रश्न : माझ्या जावेला स्तनाच्या कॅन्सरसाठी काही वर्षांपूर्वी 25 शेक दिले होते. आता माझ्या आईला त्याच आजारासाठी 15 च सांगितले आहेत. शेजारी म्हणतात, पैसे वाचवायला कमी करतात. आम्ही काय समजायचं? (गृहिणी, आखाडा बाळापूर)

उत्तर : ताई, आईचे उपचार कमी केलेले नाहीत. उलट, तुमच्या डॉक्टरांनी मधल्या काळात अभ्यास केला आहे, असं समजा.

पूर्वीची पद्धत अशी होती : रोज 2 ग्रे, असे 25 दिवस, एकूण 50 ग्रे. ग्रे म्हणजे शरीराने शोषलेल्या किरणांचं माप. इंग्लंडमधल्या ‘स्टार्ट-बी’ चाचणीत याची तुलना 15 दिवसांत 40 ग्रे देण्याशी केली गेली. त्यात रोजची मात्रा थोडी मोठी, साधारण 2.67 ग्रे असते. 2008 साली तिचे निष्कर्ष आले आणि 2013 साली दहा वर्षांचा पाठपुरावाही प्रसिद्ध झाला. आजार परत येण्याचं प्रमाण वाढलं नाही, आणि त्वचेवर व स्तनावर दिसणारे दुष्परिणाम थोडे कमीच आढळले. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर रोजच्या मात्रेच्या आकाराचा परिणाम बराच होतो. म्हणून मात्रा थोडी मोठी ठेवली की एकूण बेरीज कमी असली तरी काम तेवढंच होतं.

2020 साली ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीने आणखी पुढचं पाऊल टाकलं : पाच दिवसांत 26 ग्रे. ही एका आठवड्याची पद्धत सगळ्यांनाच लागू करता येत नाही. शस्त्रक्रिया कोणती झाली, काखेच्या गाठींनाही किरण द्यायचे आहेत का, हे पाहावं लागतं. म्हणून आईला पाच का नाहीत, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

दहा दिवस वाचले म्हणजे एसटीच्या दहा फेऱ्या वाचल्या आणि सोबत येणाऱ्याची दहा दिवसांची मजुरी वाचली. वाचलेला प्रत्येक दिवस या पट्ट्यातल्या माणसाच्या खिशाशी जोडलेला आहे. ज्या डॉक्टरने हे निष्कर्ष वाचलेच नाहीत, तो आजही प्रामाणिकपणे 25 च देत राहील.

प्रश्न : घरच्यांना तोंडाच्या गाठीसाठी शेक चालू आहेत. मध्ये डॉक्टर परिषदेला गेले म्हणून तीन दिवस शेक झाला नाही. ‘काही बिघडत नाही’ असं सांगितलं. खरंच बिघडत नाही का? (शेतकरी, कळमनुरी तालुका)

उत्तर : बिघडतं. तोंड आणि घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार सुरू असताना उरलेल्या कॅन्सरपेशी वेगाने वाढू लागतात. म्हणून ठरल्या मुदतीपेक्षा उपचार लांबले की जादा लागलेल्या प्रत्येक दिवशी आजार आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने घटते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्येही बाहेरून द्यायचे शेक आणि आतून द्यायचं रेडिएशन मिळून सगळं आठ आठवड्यांच्या आत संपावं लागतं.

डॉक्टर परिषदेला गेले, यात गैर काही नाही. पण एकदा आखणी तपासून पक्की झाली की रोजचे किरण प्रशिक्षित तंत्रज्ञ देतात आणि मशीनची मात्रा भौतिकतज्ज्ञ तपासतात. मधल्या काळात रुग्णाला तपासायला दुसरा डॉक्टर नेमून ठेवणं, ही जाणाऱ्या डॉक्टरची जबाबदारी आहे.

खंड पडलाच तर तो भरून काढता येतो : शनिवारी उपचार देऊन, किंवा एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन शेक देऊन. उद्याच जाऊन शांतपणे विचारा, ‘साहेब, राहिलेले तीन दिवस कसे भरून काढणार?’ आणि आपल्या बाजूने, सोयाबीनची काढणी असो की घरातलं लग्न, एकही दिवस चुकवू नका.

प्रश्न : मी फाट्यावर एमबीबीएस प्रॅक्टिस करतो. रेडिएशनवरच्या सीएमईची निमंत्रणं येतात, पण ती तज्ज्ञांसाठी असतात असं समजून मी जात नाही. माझा काय संबंध?

उत्तर : डॉक्टरसाहेब, खरा संबंध तुमचाच आहे. शेक घेऊन आलेला रुग्ण रात्री नऊ वाजता माझ्याकडे येऊ शकत नाही, तो तुमचंच दार वाजवतो. निदान इतकं तरी जवळ असू द्या :

पाठदुखी आणि त्यासोबत पायातली ताकद जाणं, लघवी अडणं. रुग्णाला कॅन्सर असेल तर मज्जारज्जूवर दाब आला आहे असं समजा. दुसरं काही आड येत नसेल तर स्टिरॉइड सुरू करा, केंद्राला फोन करा आणि त्याच दिवशी पाठवा. चालत आलेला रुग्ण बहुधा चालता राहतो. पाय पूर्ण गेल्यावर ते परत येणं कठीण.

केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला ताप. ‘व्हायरल असेल’ म्हणून तीन दिवस थांबू नका. पांढऱ्या पेशी घटलेल्या असतील तर काही तासांतही जीव धोक्यात येतो.

जबड्याला किरण दिलेल्या रुग्णाचा दात. तो परस्पर काढू नका, काढू देऊ नका. हाडाला जखम भरता येत नाही आणि जबडा कुजू शकतो. खराब दात शेक सुरू होण्याच्या दहा-पंधरा दिवस आधी काढून घ्यायचे असतात. हे वर्षानंतर किंवा पाच वर्षांनंतरही लक्षात ठेवा.

हाडात पसरलेल्या कॅन्सरचं दुखणं. अनेक रुग्णांना 8 ग्रेचा एकच शेक दहा शेकांइतकाच आराम देतो. पुढे पुन्हा देण्याची गरज मात्र थोडी अधिक वेळा पडते. ‘आता काही उपयोग नाही’ म्हणून घरी निजवून ठेवलेल्या म्हाताऱ्याला एका फेरीत बरं वाटू शकतं. हे त्याला तुम्हीच सांगू शकता.

आणखी एक. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने झालेल्या अभ्यासात 1,31,746 स्त्रिया होत्या. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असं त्यातून दिसलं. 2009 साली तो अभ्यास न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला. मराठवाड्यातल्या बायकांनी जगाला दिलेला हा पुरावा तुमच्या दवाखान्यात वापरला जावा, यासाठी तरी पुढच्या सीएमईला जा.

प्रश्न : एका रुग्णालयात नवं, महागडं मशीन आलंय म्हणतात. मग जुन्या कोबाल्टवर उपचार घेऊच नयेत का? (व्यापारी, वारंगा फाटा)

उत्तर : काही आजारांत मशीनमुळे फरक पडतो. टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुप्रिया चोप्रा आणि सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या 300 स्त्रियांवर ‘पार्सर’ नावाची चाचणी केली. तिचे निष्कर्ष 2021 साली आले. जुन्या त्रिमितीय पद्धतीत तीन वर्षांत 42 टक्के स्त्रियांना आतड्याचा मध्यम ते तीव्र त्रास झाला. रोज प्रतिमा पाहून, मात्रेला हवा तसा आकार देणाऱ्या पद्धतीत हे प्रमाण 21 टक्के होतं. कॅन्सरवरचा ताबा दोन्हींत सारखाच राहिला.

पण ही किमया मशीन एकटं करत नाही. सीटी स्कॅनच्या प्रत्येक कापावर डॉक्टरला हाताने रेघ आखावी लागते : इथवर गाठ, इथवर धोका, इथून पुढे आतडं. ही रेघ शेताच्या बांधासारखी असते. बांध इकडे सरकला तर रोग उरतो, तिकडे सरकला तर निरोगी अवयव भाजतो. जुन्या पद्धतीत चौकोन मोठा असल्याने आखणीतली चूक त्यात सामावून जायची. नव्या मशीनवर मात्रा रेघेला अगदी चिकटून उतरते, त्यामुळे चूकही तितकीच नेमकी उतरते. म्हणून आमच्या शिक्षणातला सर्वांत उपयोगी भाग भाषणांचा नसतो. एकच केस दहा डॉक्टरांनी स्वतंत्रपणे आखायची आणि नंतर रेघा एकमेकांवर ठेवून पाहायच्या, या सरावातून माणूस खरा शिकतो.

कोबाल्टबद्दल : ते टाकाऊ नाही. हाडाच्या दुखण्यावर आणि रक्तस्राव थांबवायला ते उत्तम काम करतं. मात्र कोबाल्टची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते, स्रोत जुना झाला की टेबलावर जास्त वेळ झोपावं लागतं. तो कधी बदलला, हे विचारायला हरकत नाही.

प्रश्न : परिषदांचा खर्च औषध कंपन्या करतात म्हणे. मग डॉक्टर शिकतात की विकले जातात? (निवृत्त कर्मचारी, डोंगरकडा)

उत्तर : शंका रास्त आहे. कंपनीकडून भेटवस्तू, प्रवासखर्च, पाहुणचार घेण्याला डॉक्टरांच्या आचारसंहितेत 2009 पासूनच बंदी आहे. 2024 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने औषध कंपन्यांसाठीही संहिता काढली. परदेशात असे कार्यक्रम घ्यायचे नाहीत, आणि वक्ता नसलेल्या डॉक्टरचा प्रवास-मुक्काम करायचा नाही, असं ती सांगते. पळवाटा उरतातच. पण दुसरी बाजूही पाहा : 15 शेकांची पद्धत किंवा एका शेकात हाडदुखी थांबवणं, यांत कुणाचं औषध खपत नाही. म्हणून अशा विषयांना प्रायोजक मिळत नाहीत. ती माहिती खेड्यापर्यंत पोचवायची तर डॉक्टरांच्या संघटनांनी आणि सरकारी महाविद्यालयांनी स्वतः खर्च उचलला पाहिजे.

प्रश्न : मी हिंगोलीच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकते. रेडिएशन ऑन्कोलॉजीत जायचं मनात आहे. मुंबईबाहेर राहून अद्ययावत राहता येईल का?

उत्तर : येईल, आणि तू ये. तुझं महाविद्यालय 2024 साली सुरू झालं, पण या विषयाची गरज तिथे खूप जुनी आहे. एमडी तीन वर्षांचं असतं. त्या काळात रेडिएशन ऑन्कोलॉजिस्टांच्या अखिल भारतीय संघटनेचे, म्हणजे एआरओआयचे अभ्यासवर्ग असतात, ते चुकवू नकोस. 2012 साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आज तीनशेहून अधिक केंद्रं आणि संस्था आहेत. त्यांची उपचारसूत्रं खुली आहेत, आणि अवघड केस ऑनलाइन ट्यूमर बोर्डापुढे मांडता येते. मुंबई आता फक्त रेल्वेनेच गाठावी लागते असं नाही.

दोन सवयी आत्ताच लाव. आखलेली केस सुरू करण्याआधी सहकाऱ्याला दाखवायची. आणि उपचार संपलेल्या रुग्णांचं पुढे काय झालं, याची वही ठेवायची. आपल्या हातचे निकाल न पाहणारा डॉक्टर कितीही परिषदांना गेला तरी त्याचं शिक्षण अर्धंच राहतं.

सर्व वाचकांना : उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. एकूण किती शेक, आणि यापेक्षा कमी दिवसांची सिद्ध पद्धत मला चालेल का? माझी केस आणखी कुणी पाहिली आहे का? मशीन बंद पडलं तर खंड कसा भरणार? रात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा? डॉक्टरांची नोंदणी चालू आहे का, हे महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर पाहता येतं, तेही पाहा. शिकत राहणारा डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही. जो चिडतो, त्याच्याकडून दुसरं मत घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.