एक छतरी, दोन खोल्या



या वेळी विज्ञानाच्या पानासाठी विषय शोधायला आम्हाला लांब जावे लागले नाही. तो घरीच मिळाला. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत सरदारपुरातल्या अनेक मराठी घरांत जे होते, तेच आमच्याकडेही झाले. टीव्ही पुढच्या खोलीत, अभ्यासाचे टेबलही पुढच्याच खोलीत, आणि आजी माजघराच्या पलीकडच्या खोलीत पलंगावर. गुडघ्यांमुळे तिला उठून पुढे येणे जमत नव्हते. संध्याकाळ झाली की आतून हाक यायची, "अरे, माझ्या बातम्या लावल्या का? निदान आवाज तरी मोठा करा!" आवाज मोठा केला की पुस्तक मिटायचे.

यात नुसत्या करमणुकीचा प्रश्न नव्हता. बाजारात, बँकेत, बसमध्ये आपण हिंदी किंवा माळवी बोलतो. घराच्या बाहेरून घरात येणारी मराठी म्हणजे आजीसाठी सह्याद्री वाहिनी. तिच्या पलंगाशी खेळणारी लहान मुलेही ती ऐकत असतात, आणि "हवामान", "धरण", "अर्थसंकल्प" असे शब्द मराठीत त्यांच्या कानांवर पडतात ते तिथूनच. दुसरीकडे अभ्यासाची बाजूही हलकी नाही. २०२० साली पीएम ई-विद्या योजनेत पहिली ते बारावीच्या प्रत्येक इयत्तेसाठी एकेक वाहिनी सुरू झाली. म्हणजे एकाच वेळी एका खोलीत दहावीचा पाठ आणि दुसऱ्या खोलीत मराठी बातम्या हव्यात. हे कसे साधायचे, ते आम्ही करून पाहिले. त्यात एकदा चुकलोही.

आधी थोडे मागे जाऊ. उपग्रहावरून शिक्षण ही गोष्ट आपल्या देशात नवी नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांना कार्यक्रम दाखवले गेले. त्या सहा राज्यांत मध्य प्रदेशही होता. तेव्हा तीन मीटर व्यासाची जाळीची डिश लागत असे आणि सगळे गाव एका टीव्हीपुढे बसे. पुढे १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनने डी.डी. डायरेक्ट प्लस ही सेवा सुरू केली. तीच आताची डी.डी. फ्री डिश. हिला मासिक भाडे नाही, आणि घरातल्या मोठ्या पराताएवढ्या छतरीवर भागते. साध्या अँटेनावर माळव्यात सह्याद्री दिसणे शक्य नव्हते. या छतरीने ती गच्चीवर आणून सोडली.

आता ही छतरी काय करते ते पाहा. फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला आणि विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या माथ्यावर, सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगानेच तो फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी स्थिर वाटतो. तिथून येणाऱ्या लहरी फार क्षीण असतात. छतरी त्या गोळा करून समोरच्या दांड्यावरच्या एल.एन.बी.वर टाकते. एल.एन.बी. त्यांची शक्ती वाढवते आणि वारंवारिता कमी करून त्या तारेतून खाली पाठवते, कारण मूळची दहा-अकरा गिगाहर्ट्‌झची लहर साध्या तारेत काही मीटरांतच विरून जाईल. खाली बॉक्स तिच्यातून आपल्याला हवी ती वाहिनी निवडून चित्र आणि आवाज तयार करतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण आमची फजिती तिथेच झाली. तार फक्त खाली येणारी नाही. बॉक्स त्याच तारेतून एल.एन.बी.ला वीज वर पाठवतो, आणि त्या विजेतूनच हुकूमही देतो. १३ व्होल्ट म्हणजे उभ्या ध्रुवणाच्या लहरी दे, १८ व्होल्ट म्हणजे आडव्या दे. शिवाय २२ किलोहर्ट्‌झचा एक बारीक सूर पाठवला की एल.एन.बी. वरच्या पट्ट्याकडे वळते. आम्ही दुसरा बॉक्स आणला आणि एका दुकानदाराच्या सांगण्यावरून एकाच तारेला दुफाटा जोडून दोन्ही बॉक्स लावले. पहिल्या दिवशी सगळे ठीक. दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीत एक वाहिनी लावली की आतली वाहिनी जायची. आजी म्हणाली, "तुम्ही मुद्दाम बंद करता." मुद्दाम नव्हते, पण बंद आम्हीच करत होतो! दोन मालकांनी एका गड्याला दोन वेगळे हुकूम दिले तर जो जोरात बोलेल त्याचे ऐकले जाते. १८ व्होल्टवाला जिंकतो आणि १३ व्होल्टवाल्याचा पडदा काळा होतो.

बॉक्स एकच ठेवायचा असेल, तर त्यातून निघालेले तयार चित्रच आतल्या खोलीत न्यायचे, हा सर्वांत स्वस्त मार्ग. मात्र तेव्हा दोन्ही खोल्यांत एकच वाहिनी दिसेल, हे आधीच मान्य करावे. बॉक्सच्या मागे पिवळे, पांढरे आणि तांबडे अशी तीन भोके असतात. पिवळ्यातून चित्र, बाकी दोन्हींतून आवाज. बाजारातली तयार बारीक वायर दोन-तीन मीटरपर्यंतच घ्यावी. त्याहून लांब न्यायचे तर छतरीचीच जाड आर.जी.-६ तार घेऊन टोकांना पिना लावून घ्याव्यात. पंधरा मीटरपर्यंत चित्र चांगले राहते.

पिवळ्या भोकातून दुफाटा काढून दोन टीव्ही जोडले तर चित्र काळपट का होते, हे नववी-दहावीच्या मुलांनी स्वतः काढून पाहावे. बॉक्सचा आतला रोध ७५ ओहम, टीव्हीचाही ७५ ओहम. एक टीव्ही असताना त्याच्या वाट्याला निम्मा दाब येतो. दोन टीव्ही समांतर जोडले की त्यांचा मिळून रोध ३७.५ ओहम होतो, आणि वाट्याला ३७.५ भागिले ११२.५, म्हणजे एक तृतीयांशच दाब येतो. आधीच्या दोन तृतीयांश! काही टीव्ही हे सांभाळून घेतात, काही घेत नाहीत. यावर सोपी युक्ती अशी की बॉक्सला एच.डी.एम.आय. असेल तर पुढचा टीव्ही त्यावर लावावा आणि पिवळे भोक आतल्या टीव्हीसाठी मोकळे सोडावे. बहुतेक बॉक्समध्ये दोन्ही एकाच वेळी चालू असतात. दुफाट्याची गरजच उरत नाही.

जुन्या बॉक्सना आर.एफ. आउट असे. त्यात चित्र आणि आवाज एका तारेतून जात आणि आतला टीव्ही ठरावीक चॅनेलवर लावला की झाले. तसा बॉक्स माळ्यावर पडला असेल तर वापरून पाहायला हरकत नाही. बिनतारी पाठवणी करणारे यंत्रही मिळते, पण ते २.४ गिगाहर्ट्‌झवर चालते. वाय-फाय आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात. त्यातून आपल्या जुन्या घरांच्या दीड-दोन फुटी भिंती. आमच्या मते त्यावर पैसे घालू नयेत.

एका बॉक्सच्या मार्गात रिमोटचा प्रश्न उरतो. रिमोटचा प्रकाश अवरक्त असतो, तो भिंतीपलीकडे जात नाही. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबा, डोळ्यांना न दिसणारा दिवा पडद्यावर जांभळट चमकताना दिसेल. वर्गात हा प्रयोग मुलांना फार आवडतो. यावर उपाय म्हणजे आतल्या खोलीत एक "डोळा" ठेवायचा आणि त्याच्या तारेच्या दुसऱ्या टोकाचा छोटा दिवा बॉक्सच्या तोंडाशी चिकटवायचा. आजीने आत बटण दाबले की बाहेर बॉक्स ऐकतो. अर्थात मग पुढच्या खोलीतला धडा मध्येच बदलतो, आणि वाद पुन्हा सुरू.

म्हणून शेवटी आम्ही एल.एन.बी. बदलली. दोन तोंडांची, म्हणजे ट्विन एल.एन.बी. मिळते. तिच्या प्रत्येक तोंडाला स्वतंत्र हुकूम देता येतो. छतरी तीच, दांडा तोच. फक्त दुसरी तार गच्चीवरून आतल्या खोलीत सोडायची. फ्री डिशला भाडे नसल्यामुळे खर्च एकदाच, एल.एन.बी., तार आणि बॉक्सचा. पैसे भरून घेतलेल्या सेवेत दुसऱ्या बॉक्ससाठी कंपनीकडे वेगळी जोडणी मागावी लागते. बॉक्स घेताना तो एम.पी.ई.जी.-४ चा आहे ना, हे विचारावे. काही वाहिन्या त्या पद्धतीने येतात आणि जुन्या बॉक्सवर उघडत नाहीत.

तार लावताना दोन गोष्टी पाळाव्यात. भिंतीत शिरण्याआधी तारेला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून घरात न येता बाहेरच ठिबकते. आणि जूनच्या आरंभी माळव्यात विजा कडाडू लागल्या की बॉक्सची तार आणि प्लग आधीच काढून ठेवावेत, कडकडाट सुरू झाल्यावर तारेला हात लावू नये. गच्चीवर मुलांनी एकट्याने चढू नये, हे तर पालक जाणतातच.

विश्वस्त मंडळींसाठी एक सूचना. शाळेत कार्यालयातल्या एका बॉक्सवरून दोन वर्गांत चित्र नेण्यापेक्षा ट्विन एल.एन.बी. आणि दोन बॉक्स घेतले तर दोन इयत्तांचे पाठ एकाच तासाला दाखवता येतील.

आमच्याकडे दोन्ही बॉक्स एकाच जातीचे आहेत, म्हणून एकाच्या रिमोटने दुसराही चालतो. पण मधे ती जाड भिंत आहे.

मुलांसाठी गृहपाठ: आम्ही गणित केले तेव्हा सरदारपुरातून जीसॅट-१५ ची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडून मोजत सुमारे १३९ अंश, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून उंची सुमारे ५६ अंश आली. देवासहून दिशा सुमारे १४१ आणि उंची ५७ अंशांच्या आसपास. होकायंत्र आणि कोनमापक घेऊन मोठ्यांबरोबर आपापल्या गच्चीवर मोजून पाहा. छतरी ५६ अंशांपेक्षा बरीच उभी दिसेल. एल.एन.बी.चा दांडा मधोमध नसून खालच्या बाजूने का येतो, याचा विचार करा आणि उत्तर आकृतीसह वहीत लिहून आणा.